मोठ्या काकूची उडी

माझी मोठी काकू शिवणकाम करते. हात असा की एक कापड कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, ते शोधावं लागतं. पण गिऱ्हाईक समोर उभं राहून बघू लागलं की सुई बोटात घुसलीच म्हणून समजा. लहानपणापासूनचं आहे हे. शाळेत फळ्यापाशी उभं केलं की तिला स्वतःचं नावसुद्धा आठवत नसे.

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी तिला पोहायला सांगितलं. काकू नाक मुरडत गेली आणि पाण्याच्या प्रेमातच पडली. वर्षभरात तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सहज जाऊ लागली. मग तिची नजर उंच फळीवर गेली.

"एकदा तरी तिथून उडी मारणार," तिने घरात जाहीर केलं.

पहिल्या दिवशी शिडी झपाझप चढली. फळीच्या टोकाशी गेली, खाली पाहिलं, तर तलावातल्या झाडून सगळ्या बायका माना वर करून उभ्या. शिकवणाऱ्या बाई तोंडात शिट्टी धरून. काकू उलट पावली शिडीवरून खाली आली.

काकांना हे कळलं आणि त्यांनी मनावर घेतलं. "तिला आपला आधार हवा," म्हणाले. एरवी काकू बायकांच्या वेळेत जाई; रविवारी तलाव सगळ्यांना खुला असे. त्या दिवशी काका, आम्ही पोरंटोरं, शेजारचे दोघं, असा सगळा लवाजमा बाकांवर जाऊन बसला. काकू फळीवर आली तशी काकांनी हाक दिली, "घाबरू नकोस, आम्ही सगळे बघतोय!"

काकू या वेळी फळीच्या टोकापर्यंतही गेली नाही.

घरी आल्यावर काका हिरमुसले. "आम्ही तर धीर द्यायला आलो होतो."

"धीर कुठे देत होता? वाट बघत होता," काकू म्हणाली.

धाकटी काकू, म्हणजे तिची जाऊ, कोपऱ्यात मटार सोलत होती. ती म्हणाली, "जाऊबाई, उद्या मी येते तुमच्याबरोबर."

"अगं, तुला तर गुडघाभर पाण्यात चक्कर येते."

"मग पाण्यात नाही उतरत. वर येते."

आणि खरंच आली. मोठी पुढे, धाकटी मागे, अशा दोघी शिडी चढल्या. वर पोचताच धाकटीने कठडा घट्ट कवटाळला आणि डोळे गच्च मिटले.

"काय झालं?" मोठीने विचारलं.

"मी काही बघत नाहीये. तुमचं चालू द्या. उरकलं की सांगा."

"उरकल्यावर मी खाली असेन ना. सांगू कशी?"

"मग ओरडा. आणि हो, माझ्या पोलक्याच्या बाह्या सैल झाल्यात. दंडावरून सरकतात."

मोठ्या काकूला हसू फुटलं. आधी गालात, मग पोटात, मग आवरेना. त्या हसण्यात खालच्या बायका कुठल्या कुठे गेल्या. "बोटभर आत घेते," एवढं म्हणाली आणि नाक चिमटीत धरून तिने स्वतःला हवेत सोडून दिलं. हसत पडल्यामुळे पाणी बरंच गिळलं. वर आली तीसुद्धा खोकत, हसत.

"उरकलं!" ती ओरडली.

आता पंचाईत धाकटीची झाली. तिला खाली उतरता येईना. मोठीने सगळ्या बायकांना दटावून भिंतीकडे तोंडं करायला लावली आणि स्वतः ओली निथळती शिडी चढून तिच्या एकेका पावलाला हात लावत तिला खाली आणलं. कपडे बदलायच्या खोलीत दोघी बाकावर बसून इतक्या हसल्या की केसांना पंचा गुंडाळायचंही सुधरेना.

काकांनी साहजिकच धाकटीला विचारलं, "पुरावा काय? तू पाहिलीस उडी?"

"नाही बाई. डोळे मिटले होते मी."



हल्ली काकू दर रविवारी उडी मारते. काका येतात, पण तलावाकडे पाठ करून बसतात, पेपर उघडून. धपकन आवाज झाला की पान उलटतात आणि पुटपुटतात, "ही तिचीच."

एकदा ती भलत्याच कुणाची तरी निघाली. आम्ही त्यांना सांगितलं नाही.