चुलीभोवती फिरवलेलं मांजर

यंदा आषाढातल्या पहिल्या सोमवारी, भर दुपारी, कशेळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत एकट्या राहणाऱ्या विधवा बाईला भुताळी, म्हणजे चेटूक करणारी, ठरवलं गेलं. लावणीला तिच्याकडे कुणी जायचं नाही, असं भूतबाधा उतरवणाऱ्या भगताने सांगितलं आणि वाडीने मुकाट ऐकलं. इथे लावणी एकमेकांच्या हातांवर होते. आज माझ्या शेतात तुम्ही, उद्या तुमच्यात मी. हात बंद झाले की रोपं जागच्या जागी जून होतात आणि वर्षाचा भात जातो.

कारण काय, तर शेजारच्या घरातली नात तापाने पडली आणि तिच्या गोधडीत या बाईचं मांजर झोपलेलं सापडलं.

अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या आमच्या गटाच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी जीपने गेले. पत्रकात बाकी सगळं होतं, मांजराबद्दल एक ओळ नव्हती. आणि मला तर तेच विचारायचं होतं. भिसेगावात आमच्या घरी भुताखेतांचा विषयच चालायचा नाही, त्यामुळे भुताळीचं मांजर नेमकं करतं काय, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

त्या नातीची आजी ओट्यावर तांदूळ निवडत होती. शेजारी बसून विचारलं.

"बाय निजते, तिचा जीव मांजरात जातो. मांजर घरात शिरतं, पोराचा दम चाटतं. मांजराला काठी हाणली तर सकाळी बाय लंगडते."

"मग ही लंगडते?"

"नाय. आमी हाणलीच नाय. गुणी हाय गं ते."

"पण ते तुमच्याच घरात कसं येतं?"

"येतं कसलं, आमीच तिच्याकडनं मागून आणलं. भात घरात आला की कणगीला उंदीर लागतात. चुलीभोवती फिरवायचं, पायांना तेल चोळायचं, म्हंजे मांजर टिकतं."

आतून सून म्हणाली, "दूध कोन घालतं ते पन सांगा की. माझ्या चहातलं जातं."

म्हणजे मांजर यांनीच आणलं, यांनीच रुळवलं. तापलेल्या पोरीच्या कुशीत ऊब होती, ते तिथे झोपलं. कशेळ्याच्या डॉक्टरच्या औषधाने ताप गेला. ठपका तसाच राहिला.

मग त्या बाईकडे गेले. तिलाही विचारलंच, मांजर तुमचं ऐकतं का?

"माझं ऐकत असतं तर माझ्या घरात उंदीर उरले असते का गं? आता ते त्यांचं झालंय. मी कुठून धाडू?"

परत ओट्यावर येऊन हे सांगितलं. आजीने तांदळातला खडा वेचून अंगणात फेकला. "भगताला कोन बोलंल?"

"शेतात उतरायला भगत कशाला लागतो?"

दुसऱ्या दिवशी सून एकटी त्या बाईच्या शेतात, चिखलात उतरली. आजी बांधावर उभी. "मी नाय येत हां. निस्ती बघते." थोड्या वेळाने, "अगं, किती खोल खुपसतेस, कुजंल ते," म्हणत तीही उतरली. मी मागे होतेच, माझी ओळ त्या दोघींनी उपटून परत लावली.

बाकी वाडी आली नाही. निम्मं शेत मोकळंच राहिलं. कुणाला असं भुताळी ठरवणं कायद्याने गुन्हा आहे, आणि तक्रार आम्ही दिली आहे. पण तक्रारीने भात लागत नाही. तुमच्या गावात अशी वाळीत टाकलेली बाई असेल, तर तिच्याबद्दल हळहळत बसू नका. उद्या सकाळी कमरेला पदर खोचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडा आणि सगळ्या गावादेखत तिच्या शेतात उतरा.