वायर काढून केलेली पूजा

दसऱ्याला आमच्या सुकापूरच्या घरात कोयता, विळी, पहार आणि माझा डेस्कटॉप अशी पूजा मांडली जाते. मिठागरं गेली, शेतीही गेली. आता घर माझ्या टायपिंगवर चालतं, म्हणून आईच्या हिशेबी कॉम्प्युटरही हत्यारच.

त्याच कॉम्प्युटरमध्ये आईचा आवाज आहे. ती धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत प्रत्येक विधीला धवले गायची. कुठे लिहिलेले नाहीत, सगळे तोंडपाठ. मी तिला समोर बसवून ते रेकॉर्ड केले. पुढे तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. घोगरं बोलणं उरलं, गाणं गेलं. धवल्यांची दुसरी कॉपी काढायची म्हणत मी दोन वर्षं घालवली होती. असा मी कामसू.

दसऱ्याच्या सकाळी पूजेआधी आतली धूळ काढायला बसलो. एकदा नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून मी आत हात घातला होता. खालचा यूपीएस वीज देतच होता आणि फिरत्या पंख्याने बोट सोललं. तेव्हापासून मी कॅबिनेटची वायरच उपटतो. मग आत उरलीसुरली वीज संपावी म्हणून चालू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरतो. अंगठी आणि घड्याळ काढतो, हात कोरडे करतो, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून लोखंडी सांगाड्याला हात लावतो. आई दारातून बघत होती. "बरीच मोठी पूजा हाय तुजी," ती म्हणाली.

झाकण काढून ठेवलं आणि ब्रश शोधायला आत गेलो. परत आलो तर आईने झेंडूच्या फुलाने कोयत्यावर पाणी शिंपडलं होतं, विळीवर शिंपडलं होतं, आणि उघड्या कॉम्प्युटरच्या पोटातही. वर हळदकुंकू. मदरबोर्डवर थेंब चमकत होते.

मी ओरडलो. सणाच्या दिवशी आईवर असं ओरडायला नको होतं, पण तोंड सुटलंच. ती घाबरली. "तूच उगडून ठेवलास ना? मला वाटलं, आतल्या देवाची पूजा हाय."

तिला कुठे ठाऊक की आत तीच होती. ते सांगितलं तेव्हा तिने हातातलं फूल खाली ठेवलं.

पाणी टिपून घेतलं, कुंकू ब्रशने झाडलं आणि तीन दिवस सगळं पंख्याखाली उघडं ठेवलं. त्या तीन दिवसांत आम्ही दोघं धड जेवलो नाही. चौथ्या दिवशी वायर लावली, बटण दाबलं. स्क्रीन उजळला. मी पहिलाच धवला लावला आणि आईचा जुना, खणखणीत आवाज घरभर झाला. मला रडू आलं. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. वायर उपटलेली नसती तर त्या पाण्याने काय जळलं असतं कोण जाणे.

आई डोळे मिटून ऐकत होती, ओठ हलत होते. त्याच दुपारी मी दोन कॉप्या काढल्या, एक माझ्याकडे आणि एक बहिणीकडे.

काम आटोपून, कॉम्प्युटर बंद करून उठलो, तर आई तिच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "वायर काड आदी. मी हाय आत."