आईच्या अंगणातली झाडं

हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. वडिलांची बदली औरंगाबादला झाली आणि हैदराबादेतल्या नारायणगुड्याचं सरकारी घर आठ दिवसांत रिकामं करायचं होतं. मागच्या अंगणात आईने शेवंती, अबोली, गुलबक्षी असं बरंच काही लावलं होतं.

"झाडंबिडं न्यायची नाहीत, सामानच फार झालंय," वडील म्हणाले.

दुपारी आईने माझ्यापुढे एक कोरी वही ठेवली. "तुला चित्रं येतात ना? एकेक झाड काढ. पानांना कीड लागलीय, तीसुद्धा चित्रात दाखव."

आठ दिवस मी चित्रं काढत बसले. फुलाकडे इतकं निरखून मी आधी कधी पाहिलंच नव्हतं. मला आनंद होत होता आणि त्याची लाजही वाटत होती, कारण आत आई भांडी बांधता बांधता रडत होती.

औरंगाबादला अंगण होतं, पण आईने तिथे काहीच लावलं नाही. मी मात्र दिसेल त्या बागेत जाऊन चित्रं काढू लागले.

"लोकांच्या बागेत काय बसतेस?" ती चिडून विचारायची.

पुढे मी चित्रकार झाले. माझं एकही फुलांचं चित्र तिने घरात लावू दिलं नाही.