वाळवंटातली चूल

याडी, म्हणजे आमची आई, गेल्यापासून विझलेली चूल आज धाकट्या बहिणीनं पेटवली आणि तापल्या दगडांचा वास आला.

लहानपणी आम्ही सगळे बाबांच्या ट्रकमध्येच राहायचो. राजस्थानच्या वाळूत दगड मिळणार नाहीत, म्हणून याडीनं चुलीचे हे तिन्ही दगड फुलसावंगीच्या तांड्यावरून सोबत घेतले होते. वाळवंटात एका संध्याकाळी वावटळ उठली. धाकटी रडू लागली, "मले घरी जाचं हाय." याडीनं ट्रकच्या आडोशाला दगड मांडले, जाळ केला. "हे पाय, आलो न घरी." धाकटी गप्प झाली, भाकर मागू लागली.

याडीलाही घरीच जायचं असेल, हे तेव्हा सुचलं नाही.

आज त्याच दगडांपुढे, याडीच्याच घरात बसून, धाकटी म्हणाली, "दादा, मले घरी जाचं हाय."