केरबाचा हात आणि शेवंताची धाव

कोल्हापूरच्या गंगावेशीत केरबा गवळी दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होता. एक त्याच्या म्हशींचं दूध आणि दुसरा त्याचा उजवा हात. दुधात पाणी नसायचं आणि हाताला लगाम नसायचा. तोंडातून शब्द निघायच्या आत हात आपलं म्हणणं मांडून मोकळा व्हायचा. ‘दूध जरा पातळ वाटतंय’ असं सहज म्हणणाऱ्या एका गिऱ्हाइकाचा चष्मा त्यानं फोडला होता. सिनेमाच्या रांगेत मध्येच घुसलेल्या एका पावण्याचे दात पाडले होते. खुद्द स्वतःच्या लग्नात, अक्षता पडायच्या आत, मानपानावरून कुरकुरणाऱ्या मेव्हण्याला त्यानं मांडवाच्या खांबावर नेऊन आपटलं होतं. त्या मेव्हण्याचं नाव पिराजी. ‘दाजींचा हात कडक, पन मन सायीवानी,’ असं तो पुढं सगळ्यांना सांगायचा. अर्थात हाताच्या टप्प्याबाहेर उभा राहून.

हा हात म्हशीवर मात्र कधी पडला नाही. त्यातही शेवंतावर तर नाहीच. तिची आई ती रेडकू असतानाच मेली, तेव्हा केरबानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. आपल्या पोटच्या पोरांना त्यानं कधी मांडीवर घेतलं नव्हतं, असं त्याची बायको धोंडुबाई शेजारणींना सांगायची.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरचे गवळी म्हशींना नटवतात. शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात आणि मोटारसायकलीचा सायलेन्सर काढून ठेवतात. पुढं कानठळ्या बसवणारी गाडी आणि मागं दावं नाही, दोरी नाही, अशी मोकळी म्हैस धावते. ज्याची म्हैस गाडी सोडत नाही, त्याला वर्षभर गल्लीत मान. शेवंता रेडकू होती तेव्हापासून केरबा तिच्यासमोर आपली राजदूत मोटारसायकल चालू करायचा आणि लगेच पेंडीची पाटी पुढं ठेवायचा. त्यामुळं तिच्या लेखी गाडीची फटफट म्हणजे जेवणाचं बोलावणं होतं. तो आवाज कानावर आला की ती आंधळ्यासारखी धावायची.

एकोणीसशे नव्व्याण्णव साली ह्या धावण्याच्या आड ‘मुका जीव बचाव दल’ आलं. दलाचा म्होरक्या सोमशेखर, गडहिंग्लजच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा. वकिली शिकायला कोल्हापुरात आला होता. बोलणं मऊ, खाणं शाकाहारी आणि हातात हॉकी स्टिक. एका वीटभट्टीवरची गाढवं सोडवताना ह्या पोरांनी भट्टीवाल्याला इतकं बडवलं, की सुटलेली गाढवंसुद्धा पळायचं विसरून बघत उभी राहिली. भट्टीवाला महिनाभर पालथा झोपला. गावात चहाच्या गाड्यांवर दोन तट पडले. ‘गाढवांचे हाल कुत्रं खात नव्हतं, बरं झालं,’ असं निम्मे म्हणायचे. ‘दया करायची असंल तर हाडं मोडून का?’ असं उरलेले म्हणायचे. आणि मग ह्या दोन तटांचीच एकमेकांत जुंपायची.

‘म्हशी गाडीला बांधून फरफटत नेतात, ह्या पाडव्याला आम्ही त्या सोडवून नेणार,’ असं दलानं जाहीर केलं. तालमीचे वस्ताद हंबीरराव शहाणे. त्यांनी दिवाळीआधी दोन्ही बाजूंना तालमीत समोरासमोर बसवलं.

‘‘जनावराला तक्रार करता येत नाही आणि माणसाला विनंती ऐकू येत नाही,’’ सोमशेखर म्हणाला. ‘‘मग आम्ही काठी घेतली तर चुकलं कुठं?’’

‘‘म्हस बांधलेली कुनी बगितली?’’ केरबानं विचारलं.

‘‘न बांधता आणि न मारता कुठलं जनावर गाडीमागं पळंल?’’

‘‘मी शेवंतावर हात उचलतो?’’ असं म्हणता म्हणताच केरबानं हात उचलला. थप्पड अशी बसली की सोमशेखर कुस्तीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीत जाऊन पडला.

तो उठला. फुटलेला ओठ पुसून त्यानं मंडळींकडं बघितलं. ‘‘माणसाला असं, तर मुक्या म्हशीला कसं असंल, तुम्हीच ठरवा.’’

सभा तिथंच संपली. जिंकलेली बाजू केरबानं एका थपडेत घालवली होती. हंबीरराव त्याला घरापर्यंत सोडायला आले आणि धोंडुबाईसमोर म्हणाले, ‘‘केरबा, फौजदार मला बोलला. अजून एक मारामारी झाली की म्हस जप्त करून पांजरपोळात धाडनार. मग बस बोंबलत.’’

धोंडुबाईनं नवऱ्याचा उजवा हात धरला आणि शेवंताच्या कपाळावर ठेवला. ‘‘घ्या शपथ. पाडव्याला कुनावर हात उचलनार न्हाय.’’

‘‘आनी त्येनी उचलला तर?’’

‘‘खायाचा मार. आजवर लोकांनी खाल्ला, एक दिस तुमी खावा.’’

पाडव्याला दल ट्रक घेऊनच आलं. केरबा गाडीवर बसलेला आणि मागं शेवंता नटून उभी होती. पहिली हॉकी स्टिक खांद्यावर बसली, दुसरी कानावर. केरबानं दोन्ही मुठींनी हँडल आवळून धरलं. बोटांवर मारलं, तरी सोडलं नाही. डोकं फुटलं, रक्त डोळ्यात उतरलं, तरी हात तिथंच. अख्खी गल्ली हा चमत्कार तोंड उघडं टाकून बघत होती, त्यामुळं मदतीला यायला तिला जरा उशीरच झाला. शेवटी त्याला ओढून खाली पाडलं. काही पोरं शेवंताच्या गळ्यात दोर अडकवून तिला ट्रककडं ओढायला लागली. गाडी पुरावा म्हणून चौकीत द्यायची, म्हणून सोमशेखर तिच्यावर बसला आणि किक मारली.

फटफट सुरू झाली आणि शेवंता निघाली. दोर धरलेली पोरंही तिच्याबरोबर निघाली. दोघांनी दोर सोडला. तिसऱ्याच्या मनगटाला वेढा पडला होता. तो गटाराच्या काठापर्यंत फरफटत गेला.

सोमशेखरनं वळून बघितलं आणि वेग वाढवला. वेग वाढला तसा आवाज वाढला, आवाज वाढला तशी शेवंता वाढली. त्याच्या मते म्हैस त्याचा जीव घ्यायला येत होती. तिच्या मते आज जेवण पळून चाललं होतं. नदीकडच्या उतारावर, सकाळपासून म्हशी धुऊन चिखल झालेल्या वळणाला गाडी घसरली. सोमशेखरचा पाय खाली अडकला. शेवंताला थांबता आलं नाही. ती गाडीवर आदळली. त्याच्या नडगीचं हाड कातडी फोडून बाहेर आलं आणि तिचं डावं शिंग मुळातून उखडलं. रक्तानं माखलेलं तोंड घेऊन ती उठली आणि त्याच्या सदऱ्यात पेंड हुंगायला लागली.

मागून गल्ली आली. पुढं पिराजी, हातात काठी. पहिला तडाखा त्यानं सोमशेखरच्या पाठीत घातला, दुसरा डोक्यात.

केरबा लंगडत पोचला. ‘‘पिराजी, सोड त्येला. मरंल त्यो.’’

‘‘मरू दे की दाजी. शिंग बगा तिचं.’’

काठी पुन्हा वर गेली. मारामारी थांबवायची केरबाला एकच रीत ठाऊक होती. त्यानं शेवंताकडं एकदा बघितलं आणि पिराजीच्या जबड्यावर ठेवून दिली. पिराजी तीन दात थुंकत बसला. मग चुलतभाऊ, मग शेजारी. जो पुढं आला त्याला केरबानं आडवा केला. माणसं आवरेनात तेव्हा तो सोमशेखरवर पालथा पडला आणि आपल्याच गल्लीच्या लाथा पाठीवर घेतल्या.

दवाखान्यात दोघांच्या खाटा शेजारी आल्या. हवालदारानं सोमशेखरला विचारलं, ‘‘ह्यानं मारलं का?’’ केरबानं डोळे मिटून घेतले. ह्या उत्तरावर शेवंता राहणार किंवा जाणार होती.

‘‘सगळ्यांनी मारलं,’’ सोमशेखर म्हणाला. ‘‘आज ह्यांनी तेवढं नाही.’’

‘‘मग म्हशीचं काय करायचं?’’

‘‘त्यांच्याकडंच राहू दे.’’ हवालदार गेल्यावर त्यानं केरबाकडं मान वळवली. ‘‘पण गाडीमागं पळवणं वाईटच. त्यावरनं मी हटणार नाही.’’

‘‘आनी तुमची ती काठी?’’

सोमशेखर आपल्या पायाकडं बघत राहिला. ‘‘पोरांशी बोलावं लागंल.’’

‘‘बोला. मी बी गल्लीत बोलतो. कोन ऐकतंय बगू. सगळ्यांस्नी हानून ठेवलंय.’’

भाऊबीजेला केरबा दवाखान्यातनं घरी आला. पिराजी जबडा बांधून बहिणीकडं आला, ओवाळून घेतलं, पातळ खीर प्याला आणि दाजींशी एक शब्द न बोलता गेला. तो गेल्यावर केरबानं राजदूत गोठ्यासमोर आणली, पेंडीची पाटी भरून ठेवली आणि किक मारली. शेवंता थरथरत मागं सरकली ती भिंतीला जाऊन चिकटली. शिंगाच्या जागी बांधलेल्या फडक्यातून पुन्हा रक्त झिरपलं. केरबानं घाईनं गाडी बंद केली.

धोंडुबाई दारात उभी होती. ‘‘फुडच्या पाडव्याला वो?’’ तिनं विचारलं.

‘‘चालत न्हेयाची,’’ पाटी पुढं सरकवत केरबा म्हणाला. ‘‘आली तर.’’