शिगेपर्यंत पेट्रोल

भरलेली वस्तू दिसली की ती हलवून बघायची, ही आमच्या अण्णांची खोड. अण्णा म्हणजे माझे सासरे. लग्न होऊन मी हुबळीत आले त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. तुरीच्या डाळीचा डबा काठोकाठ भरून, झाकण लावून मी हात झटकत होते, तेवढ्यात अण्णा स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले. त्यांनी झाकण काढलं, डबा दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला. डाळ दोन बोटं खाली बसली. "बघ," म्हणाले, "अजून पावशेर मावतीय की!" आणि विजयी मुद्रेनं निघून गेले. पाणी प्यायचं राहिलंच.

दुर्गदबैलात, हुबळीच्या जुन्या बाजारपेठेत, त्यांचं भुसारी दुकान होतं. काटे आले, काट्यांवर लाल आकडे उमटायला लागले, तरी अण्णांच्या हाताशी पितळी शेर असायचाच आणि जुनं गिऱ्हाईक हट्टानं त्याच मापानं ज्वारी मागायचं. शेर भरायचा, हलवायचा, परत भरायचा आणि वर शीग चढवायची, ती दाणे ओघळेपर्यंत. "हलवल्याशिवाय माप पुरं होत नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी त्यांना चिक्कू म्हणेल. घेताना हलवून घ्यायचे तसे देतानाही हलवूनच द्यायचे.

दुकान सतीशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, हातात घेतलं आणि अण्णांच्या ताब्यात एकच गोष्ट उरली, आमची पांढरी गाडी. सकाळी उठून ती पुसायची आणि अमरगोळच्या बाजारात एक फेरी मारून यायची. काम काही नाही. "भाव बघून येतो," म्हणायचे. मी धारवाडला, सप्तापूरच्या बाजूला एका कॉलेजात शिकवायची, रोज बसनं जायची. इस्त्रीची साडी नेसून चढायचं आणि पिळलेल्या धुण्यासारखं उतरायचं. मला गाडी येत होती, माहेरी वडिलांची चालवायची मी. पण इथली गाडी अण्णांची. त्या किल्लीला हात लावायची माझी काय बिशाद!

अण्णांबरोबर पेट्रोल भरायला जाणं ही मात्र शिक्षा होती. "तुंब हाकप्पा," म्हणजे पूर्ण भर बाबा, असं सांगून ते उतरायचे. टाकी भरली की नळी टक् करून आपोआप थांबते. पंपावरचा माणूस "साकु री", पुरे हो, म्हणत नळी काढायला लागला की अण्णा त्याचा हात धरायचे. "मशीनला काय कळतंय माप?" मग मागच्या बाजूला दोन्ही हात टेकवून ते गाडी हलवायचे. एकट्याला ती दाद देत नसे, म्हणून मला हाक. "तू त्या अंगानं लाव जोर." अर्थशास्त्राची प्राध्यापिका पदर खोचून पंपावर गाडीला झोके देते आहे, हे माझ्या दोन विद्यार्थ्यांनी बघितलं. त्यानंतर वर्गात पुरवठ्याचा नियम शिकवताना मागच्या बाकावर खसखस पिकायची. अण्णा मात्र "इन्नू स्वल्प, इन्नू स्वल्प", अजून थोडं, अजून थोडं, करत, पेट्रोल टाकीच्या तोंडाशी चमकेपर्यंत थांबायचे नाहीत.

असं दीडेक वर्ष चाललं आणि गाडीनं असहकार पुकारला. एरवी ती गुणी. पण पेट्रोल भरून किल्ली फिरवली की खर्र खर्र, एक आचका, आणि गप्प. दहा-पंधरा मिनिटांनी, आमच्यावर कृपा केल्यासारखी सुरू व्हायची. तोवर मागे रिक्षांची रांग आणि कन्नडमधून आमच्या खानदानाचा उद्धार.

अण्णांचं निदान तयार होतं. "माल वाईट." पोत्यातला नमुना बघावा तसं त्यांनी बाटलीत पेट्रोल घेतलं, दोन थेंब तळहातावर चोळले, हुंगले, उजेडाकडे धरून बघितले. जीभ लावतात की काय म्हणून मी हात पुढे केला. मग पंप बदलला. तिथं तेच. तिसरा, चौथा, सगळीकडे खर्र खर्र. "चारी पंपवाले चोर!" अण्णा गरजले. माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, चार घरी जेवून चारी वेळा पोट बिघडलं, तर दोष स्वयंपाकाचा का पोटाचा?"

संध्याकाळभर माझ्याशी बोलले नाहीत. रात्री आमटी वाढताना ताटाकडे बघतच म्हणाले, "पोटाचा."

मग मिस्त्री सुरू झाले. एकानं बॅटरी बदलली, दुसऱ्यानं प्लग बदलले. गंमत अशी की मिस्त्रीच्या दारात गाडी पहिल्या झटक्यात सुरू व्हायची. डॉक्टरपुढं खोकला थांबतो ना, तशातली गत.

कडेलोट झाला तो नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्याला. सगळे नटून निघालो, वाटेत पेट्रोल भरलं, आणि गाडी ठप्प. सतीश रेशमी कुर्त्यात गाडी ढकलत होता, मी पैठणीत, आणि अण्णा आत बसून "जोर लावा की!" म्हणत होते. आम्ही पोचेपर्यंत मुहूर्त टळून गेला. मुलगी स्टेजवरून आमच्याकडे अशी बघत होती की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर सतीश म्हणाला, "अण्णा, आता एकदा जरी बंद पडली ना, तर दुसऱ्या दिवशी गाडी विकून टाकणार."

"गाडी विकायची नाही," अण्णा म्हणाले. एवढंच. मी खोलीत सतीशला म्हटलं, "विकाच ती. म्हातारपणीचा हट्ट आहे नुसता, दुसरं काही नाही." हे मी बोलले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा बसप्पा मिस्त्रीला घेऊन आले. बसप्पा अण्णांच्याच वयाचा, बोलायला महाग. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. म्हणाला, "गाडी नंतर बघतो. आधी तुम्ही पेट्रोल कसं घालता, ते बघायचं." आम्ही तिघं पंपावर गेलो. नळी टक् झाली. अण्णा सवयीनं मागे गेले, हात टेकवले, मला खूण केली. आम्ही पहिला झोका दिला आणि बसप्पा ओरडला, "अण्णा! ज्वारी आहे का काय ती?"

मग त्यानं समजावलं. टाकीत थोडी जागा मोकळी लागते, कारण पेट्रोलची वाफ होते. ती वाफ एका कोळशाच्या डबीत जाते आणि तिथून जराजराशी इंजिनात. "तुम्ही हलवून हलवून त्या डबीत पेट्रोलच ओतलंय. ती भिजून चिंब. पेट्रोल भरलं की सगळी वाफ एकदम इंजिनात घुसतीय, त्याला श्वास कुठला घेता येणार?"

अण्णांचा चेहरा मला बघवेना. आयुष्यभर ज्या मापाच्या जोरावर मान ताठ ठेवली, त्याच मापानं गाडी आजारी पाडली होती. ते म्हणाले, "म्हणजे रिकामं ठेवायचं?"

"थोडं ठेवायचं."

बसप्पानं डबी बदलली. पुढच्या वेळी मी मुद्दाम बरोबर गेले. नळी टक् झाली. अण्णांनी हात पाठीमागे बांधले, एका हातानं दुसऱ्याचं मनगट गच्च धरलं आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं. उपासाच्या दिवशी भज्यांच्या गाड्यावरून जावं तसं ते चार पावलं चालले. बसून किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू!

मला वाटलं, आता मिशीला पीळ देतील. त्यांनी इंजिन बंद केलं, उतरले, वळसा घालून माझ्या दारापाशी आले आणि किल्ली माझ्या हातात दिली. "बस तिकडं. उद्यापासून बसचे धक्के बंद."

"आणि तुम्ही?"

"माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही आता. संध्याकाळी तर अंदाजानंच चालवतोय." त्या अंदाजावर आम्ही अख्खं कुटुंब बसत होतो! "कधीची तुला द्यायची होती," ते म्हणाले, "पण अशी वाटेत बंद पडणारी गाडी लेकीच्या हातात कशी द्यायची? तू एकटी, आणि तो रस्ता."

आणि ही गाडी विका म्हणाले होते मी.

पंधरा दिवस ते माझ्या डावीकडे बसून धारवाडपर्यंत आले. "ब्रेक! अगं ब्रेक! म्हस आहे ती, ती नाही थांबायची, तूच थांब!" कॉलेजच्या फाटकाशी उतरायचे आणि बसनं परत हुबळीला जायचे. सोळाव्या दिवशी आलेच नाहीत. पेपर वाचत बसले होते. "मी कशाला? जा की." त्यानंतर रोज संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की एकच प्रश्न: "सुरू झाली ना पहिल्या झटक्यात?" झाली म्हटलं की, "मग झालं."

शेवटच्या दुखण्यात त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. सतीशला ते गिऱ्हाईक समजून "या शेट" म्हणायचे. एक दिवस मी दवाखान्यात त्यांच्या उशाशी जाऊन बसले. माझ्याकडे वळून बघत म्हणाले, "सुरू झाली ना पहिल्या झटक्यात?"

"झाली, अण्णा."

"मग झालं," म्हणाले आणि समाधानानं डोळे मिटले.

खरं म्हणजे सकाळी दवाखान्यातून फोन आल्यावर किल्ली दोनदा माझ्या हातून खाली पडली होती. गाडी दारातच ठेवून मी बसनं आले होते.