दिवे बघून ऐकणारा ऑपरेटर

"मॅडम, फिट लिहा अन् सही मारा. संध्याकाळी प्रोग्राम आहे," साउंड कंपनीचे शेठ माझ्या टेबलावर बोटं वाजवत म्हणाले.

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कान मोजणारी. क्लिनिक पुंडलिकनगरात. शेठ त्यांचे मिक्सर ऑपरेटर रफीकभाई यांना घेऊन आले होते. गंगापूरकडच्या एका प्लॉटिंगच्या उद्घाटनात आवाज इतका टोचला, की पाहुणे कानात बोटं घालून उठले. त्या वर्षी दुष्काळ होता, आमच्या नळाला आठवड्यानं पाणी यायचं. तिथं मात्र टँकर ओतून कारंजं नाचवलं होतं. त्या प्लॉटिंगच्या बिल्डरला आता संध्याकाळच्या प्रोग्रामआधी ऑपरेटरचा कान ठणठणीत असल्याचा कागद हवा होता.

रफीकभाई काचेच्या केबिनमध्ये बसले. हेडफोनमध्ये मी बारीक टोन सोडायचा, ऐकू आला की त्यांनी बटण दाबायचं. एकही टोन चुकला नाही. वीस वर्षं स्पीकरच्या भिंतीशेजारी काढलेली, आणि कान तान्ह्या बाळाचे! मी पेन उघडलं होतं. पण राहवेना. हेडफोनची वायर काढली आणि टोन सोडला.

त्यांनी बटण दाबलं.

टोन सोडला की मशीनवर दिवा लागतो. तो माझ्या मागच्या कपाटाच्या काचेत दिसत होता.

"रफीकभाई, वायर माझ्या हातात आहे."

ते ओशाळले. "क्या करू मॅडम, मिक्सरवर बी दिवेच बघतो. बारीक आवाज लई दिवस झाले येत नाय. मग मला ऐकू येईपर्यंत ट्रेबल वाढवतो."

म्हणजे वाढवलेल्या बारीक सुरांच्या सुया पाहुण्यांच्या शाबूत कानांत.

खुर्ची भिंतीकडे फिरवून पुन्हा तपासलं. दोन्ही कानांचे वरचे सूर गेलेले.

"अहो, पहिला रिपोर्ट चांगला होता की!" शेठ म्हणाले.

"तो डोळ्यांचा होता. हे असेच स्पीकरशेजारी उभे राहिले तर घरच्यांचं बोलणंही कळणार नाही."

"तुम्ही गरिबाच्या पोटावर पाय देताय."

"आणि तुम्ही वीस वर्षांत त्याला कानात घालायला बोळे तरी दिलेत?"

शेठ कागद न घेताच गेले. संध्याकाळच्या आत दुसरीकडून 'फिट' आणलं, रफीकभाईंना न नेता. पण रफीकभाईच मिक्सरवर उभे राहायला नाही म्हणाले. आता ते त्याच शेठकडे, स्पीकरपासून लांब, लायटिंग सांभाळतात. दिवे त्यांना येतातच.

मी मशीनपुढं पडदा लावला. पेशंटला दिवा दिसता कामा नये. शेठलोकांसाठी पडद्याची गरज नाही, त्यांना समोरचा माणूसही दिसत नाही.